बिनआवाजी ओढ

सिग्नल हिरवा झाला आणि शेजारची पांढरी गाडी तिथं नव्हती. पुढे गेली म्हणावं तर मधे काहीतरी ऐकू यायला हवं होतं, इंजिनाची गुरगुर, टायरची किंकाळी, निदान एखादी धाप. काहीच नाही. तिचा स्वतःचा डावा पाय अजून क्लचवरून पुरता उठलाही नव्हता. तिच्या लाल गाडीत सहा सिलिंडर होते, वर टर्बो होता, आणि सिग्नलवरून सगळ्यात आधी सुटायची तिला इतक्या वर्षांची सवय होती की त्यात चढाओढ अशी काही उरलीच नव्हती. लोक चहात साखर ढवळतात तसं ती ते करायची. आज तिनं पहिला गिअर ओढून दुसरा टाकला, नेहमीचा तो आवाज पाठीमागे फुलत गेला, आणि समोर पाहते तर पांढरी गाडी पुढच्या वळणाशी पोचून सभ्यपणे इंडिकेटर देत होती. इंडिकेटर! म्हणजे त्या गाडीतली बाई घाईतसुद्धा नव्हती. सिग्नलला उभं असताना हिनं तिला नीट पाहिलं होतं. जाड भिंगांचा चष्मा, मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. सफरचंद खात खात त्या बाईनं हिला मागे टाकलं होतं.

राग यायला हवा होता. तिनं वाटही पाहिली त्याची, पण आलं ते हसू. एकटीच, काच वर असताना, मोठ्यानं. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावून झाल्यावरही ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. आपल्याला त्या विजेच्या गाडीत बसायचंय, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की तिनं चोरून आजूबाजूला पाहिलं. पन्नाशी उलटलेली, दोन मुलं परगावी शिकायला पाठवलेली, केसांना रंग लावायचा सोडलेली बाई, आणि गालांवर ही अशी ऊब. कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं? रविवारी गाड्या पळवणाऱ्या टोळीतला दंतवैद्य तर नक्की म्हणाला असता, बाईसाहेब, मिक्सरच्या प्रेमात पडलात!

ऑपरेशन थिएटरमध्ये ती भूलतज्ज्ञ म्हणून टेबलाच्या डोक्याशी बसायची. कापाकापी सर्जनच्या बाजूला, श्वास तिच्या बाजूला. मॉनिटरकडे ती फारसं बघत नसे. नाडीची टिकटिक त्यातून ऐकू येते, आणि रक्तातला ऑक्सिजन घसरू लागला की त्या टिकटिकीचा सूर खाली येतो, अगदी अर्ध्या सुरानं; तिला तो अर्धा सूर दुसऱ्याशी बोलत असतानाही कळे, आणि आकडा बदलायच्या आत तिचा हात नळीकडे गेलेला असे. कानानं जगणारी बाई होती ती. त्या दिवशी पहिल्या पेशंटला झोपवताना, “आकडे उलटे मोजा हं,” असं म्हणताना, तिच्या मनात आलं, की या माणसाला आपण जसं बिनआवाजी इथून तिथं नेतो, मधला रस्ता त्याला कळतही नाही, तसंच काहीतरी होतं ते सिग्नलवरचं. सर्जननं हातमोजे चढवता चढवता विचारलं, “आज स्वारी भलतीच खुशीत? मुलं येतायत की काय?” “नाही,” ती म्हणाली, “एका बाईनं मागे टाकलं मला.” सर्जनला यात खूश होण्यासारखं काय ते कळलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. सांगता येण्याजोगं ते नव्हतंच.

घरी तिचा नवरा होता, कॉलेजात गणित शिकवणारा. त्याच्यापाशी मातकट रंगाची एक सोज्ज्वळ गाडी होती. गाडी म्हणजे छत्री, असं तो म्हणायचा. कोरडं नेऊन पोचवलं की तिचं काम संपलं. लाल गाडीला तो “तुझी ती” म्हणे, जणू स्वतःच्या सवतीबद्दल बोलतोय. पुढचे काही आठवडे ती रोज जेवणानंतर फोन घेऊन खिडकीशी बसू लागली, आवाज बंद करून. इलेक्ट्रिक गाड्या बघत होती. शर्यतीच्या, डोंगराच्या घाटात पळवलेल्या, बर्फावर घसरवलेल्या. एकदा नवऱ्यानं मागून येऊन वाकून पाहिलं आणि म्हणाला, “बाप रे! मला वाटलं, कुणी पुरुष असेल.” “असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली, “समजावून सांगता आलं असतं तुला.” तो तिच्या शेजारी बसला आणि खरोखर कुतूहलानं विचारू लागला. मग ती सुटलीच. पेट्रोलच्या इंजिनाची ताकद जमायला वेळ लागतो, फेऱ्यांचा काटा वर चढावा लागतो, आणि ती जमेपर्यंतची वाट बघणं हीच तर मजा आहे. विजेच्या मोटरची ताकद मात्र पहिल्या क्षणी सगळीच्या सगळी हजर. पण बॅटरीचं ओझं केवढं. पण ते ओझं जमिनीलगत, म्हणून वळणावर गाडी झोपत नाही. पण चार वेळा सलग पिळून काढली की ती तापते आणि मग हात आखडता घेते. पण गिअर नाही, क्लच नाही, मग माणसानं करायचं काय? आणि लांबच्या रस्त्यावर चार्जिंगला थांबायचं, वीज आहे ना म्हणून पंखा फिरतोय का बघत. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “तू प्रत्येक वाक्य ‘पण’नं सुरू करतेयस. याचा अर्थ उत्तर तुला ठाऊक आहे.” गणितवाल्यांचं हेच तिला आवडत नसे. उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेलं एवढंच, की बरीच वर्षं बंद असलेलं एक दार तिच्या आत कुणीतरी लाथेनं उघडलं होतं आणि वारा नुसता घुसत होता.

आणि त्या वाऱ्यात बाबांचा विचार पुनःपुन्हा यायचा. बाबा, तिचे वडील, आता तिच्या घरीच राहत होते, मागच्या उन्हाच्या खोलीत. मोटारीच्या कारखान्यात ते चाचणी-चालक होते. नवी गाडी तयार होऊन बाहेर पडली, की कारखान्याच्या मागच्या गोल रस्त्यावर ती पहिल्यांदा पळायची ती त्यांच्या हाताखाली. घरात ते फारसं बोलत नसत, पण आवाज काढत. जेवताना मध्येच घास थांबवून, आज एक गाडी आली होती, असं म्हणायचे आणि दातांतून बारीक किरकिर करून दाखवायचे; मग ओठ मिटून घुमल्यासारखं; मग जीभ टाळूला लावून टकटक. “ही वॉल्व्हची. ही बेअरिंगची. आणि ही,” असं म्हणून ते छातीतून एक अखंड, गोल, वर वर चढत जाणारा सूर काढायचे, “ही निरोगी.” तिची आई म्हणायची, “अहो, भाजी गार होतेय.” लहानपणी तिला कवितांपेक्षा हे आवाज जास्त पाठ होते. पुढे ती डॉक्टर झाली, त्यातून भूलतज्ज्ञ झाली, तेव्हा लोकांना वाटलं घराण्यात नवीनच काहीतरी आलं. तिला तसं कधीच वाटलं नाही.

बाबांचे कान त्याच आवाजांनी खाल्ले. आधी बारीक सूर गेले, पाखरं, दारावरची घंटी. मग बायकांचं बोलणं, मग पुरुषांचं. कानातलं यंत्र त्यांना दिलं होतं, ते शर्टाच्या खिशात असायचं. “डब्यात खडे घालून कुणी हलवतंय असं वाटतं,” ते म्हणायचे. समोरच्याचे ओठ बघून ते बरंचसं समजून घेत, आणि समजलं नाही की हसत. त्या हसण्यावरून तिला कळायचं, समजलं नाही म्हणून. त्यांच्या एका वाढदिवसाला तिनं त्यांना लाल गाडीत शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर नेलं होतं. तिसऱ्या गिअरमध्ये काटा लाल पट्ट्याला टेकेपर्यंत ओढली, तो सगळा सूर, तो गोल, चढता, निरोगी सूर गाडीभर भरला, आणि तिनं अभिमानानं बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिच्याकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाले, “छान पळते.” परत येताना, घर जवळ आल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “कुणाचे तरी ओठ हलताना दिसावेत आणि शब्द येऊ नये, तसं होतं बघ.” त्यानंतर ते कधी तिच्या गाडीत पुढे बसले नाहीत. डॉक्टरकडे जायचं तर जावयाच्या छत्रीतून जात. आणि तिला, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यानंतर एकटी असतानाही, गाडी लाल पट्ट्याकडे जाऊ लागली की तो सूर कुठंतरी टोचायचा. मेजवानीत आपल्या ताटात वाढलेलं आणि शेजारच्याच्या ताटात काही नाही, असं. तरी ती ओढायचीच. सोडवत नव्हतं.

एका संध्याकाळी वकिलाचा फोन आला. वकील तिचा शाळेपासूनचा मित्र, रविवारच्या टोळीचा म्होरक्या; टोळी म्हणजे तो, दंतवैद्य, ती आणि कधीमधी येणारे दोनचार हौशी. शहराबाहेरचं जुनं विमानतळ बंद पडलं होतं, त्याची धावपट्टी त्यांनी रविवार सकाळसाठी रीतसर मागून घेतली होती. वकिलाचा आवाज एवढा हळू होता की तिला वाटलं, कुणी गेलं की काय. “एक सांगायचंय,” तो म्हणाला, “पण हसायचं नाही. मी घेतली.” “काय घेतलीस?” “तीच.” “कुठली तीच?” “अगं, बिनआवाजाची! सगळ्यात तगडी असते ना, ती. करड्या रंगाची. काल घरी आलीय. मी रात्रभर पार्किंगमध्ये जाऊन जाऊन बघून येतोय, बायको म्हणते डोकं फिरलंय. दंतवैद्याला कळलं तर मला जिवंत सोडणार नाही.” ती फोन धरून स्वयंपाकघरात उभी होती, ओट्यावर दूध वर येत होतं, आणि तिच्या तोंडून निघालं, “मला चालवायला देशील?” पलीकडे वकील हसला. “म्हणजे तूसुद्धा?” दूध उतू गेलं.

दंतवैद्याचं आणखी एक होतं. लाल गाडीवर त्याचा डोळा फार दिवसांपासून. कधी विकायचं मनात आलं तर आधी मला, असं तो दर रविवारी म्हणायचा. हल्ली तिचं मन दुसरीकडे आहे याचा वास त्याला लागला असावा, कारण या आठवड्यात त्यानं सरळच विचारलं होतं, आणि तिनंही, “रविवारी सांगते,” असं म्हणून टाकलं होतं. म्हणून झाल्यावर तिला धडधडलं होतं. एखाद्यानं मुलीला मागणी घालावी आणि आपल्या तोंडून बघू असं निघून जावं, तसं.

त्या रविवारी नवरा परिषदेला गेला होता. बाबांना एकटं ठेवायचं नव्हतं. ते तिच्याबरोबर निघाले, पण मागच्या सीटवर बसले, हातात वर्तमानपत्र, आणि वाटभर ते उलगडून वाचत राहिले. सकाळ लखलखीत होती. धावपट्टी समोर अशी पसरली होती की तिच्या टोकाशी आभाळ जमिनीला लागलेलं दिसावं. सिमेंटच्या भेगांमधून गवत आलं होतं. बाबांसाठी तिनं घडीची खुर्ची उघडून दिली, त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र काढलं.

वकिलाची करडी गाडी आवाजाशिवायच आली, म्हणून दंतवैद्याला ती दिसेपर्यंत कळलं नाही. मग त्यानं कपाळाला हात लावला. “अरेरे! धट्टाकट्टा माणूस! काय रे झालं तुला?” वकील कोर्टात उभा असल्यासारखा उभा राहिला. “आधी पुरावा बघ, मग बोल.” “पुरावा कसला? मिक्सरला चाकं लावलीयत. गाडीला आत्मा लागतो, आत्मा!” “तुझ्या गाडीचा आत्मा सायलेन्सरमधून बाहेर पडतो, त्याला धूर म्हणतात.” “बंद पडली की ढकलत नेशील.” “तुझी गेल्याच महिन्यात आपण ढकलत नेली.” हे खरं होतं, म्हणून दंतवैद्य तिच्याकडे वळून म्हणाला, “बाईसाहेब, दाखवा याला. एकदा दाखवाच.”

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दंतवैद्यानं रुमाल खाली केला. तिनं आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ सुरुवात केली. क्लच, पाय, चाकं किंचित सरपटून धरलेली पकड, दुसरा गिअर असा पडला की तिचं तिलाच वाहवा म्हणावंसं वाटलं, आणि या सगळ्यात करडी गाडी समोर लहान लहान होत गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही. पण पाचव्या-सहाव्या खेपेला अंतर कमी झालं. वकिलाची गाडी तापली होती, जरा मागे मागे राहू लागली होती, आणि लाल गाडी मात्र नुसती गरम होऊन रंगात आली होती. शेवटच्या खेपेला तिनं त्याला टोकाशी गाठलंच. दंतवैद्य नाचत होता. “बघ! दमली तुझी! धापाही टाकता येत नाहीत बिचारीला!” वकील उतरून म्हणाला, “दम तर खाऊ दे तिला. मग ही बसेल.” आणि किल्ली म्हणून जे काही होतं, पत्त्यासारखं एक कार्ड, ते त्यानं तिच्या हातात ठेवलं.

ती बसली. आत काही नव्हतं, एक पडदा आणि पायाखाली दोन पेडल. काही सुरू करायचं नव्हतं, कारण काही बंद नव्हतं. वकील शेजारी बसून म्हणाला, “डोकं मागे टेकव आधी. आता दाब. सगळं.” तिनं सगळं दाबलं. पुढं काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. रस्ता तिच्याकडे आला नाही, ती रस्त्याकडे गेली नाही. कुणीतरी मधलं अंतरच काढून घेतलं. छातीवर मोठा तळहात ठेवून कुणी मागे दाबून धरावं, तसं, आणि तो हात उठेच ना, जमत जाणं नाही, चढत जाणं नाही, नुसतं आहेच, आहेच, आहेच. गालांची कातडी मागे गेली. डोळ्यांत पाणी आलं. वारा काचेवर फाटत होता तेवढाच. आणि त्या शांततेत तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ती शोधू लागली, काय राहिलं, काय कमी आहे, आणि टोकाशी पेडलवरून पाय उचलून गाडी आपोआप आवरत येत असताना तिच्या ध्यानात आलं, की कमी होती ती टोचणी. त्या सुराची टोचणी. इथं सूरच नव्हता, तर शेजारच्याचं ताट रिकामं कसं राहील? ती एकदम ओरडली, “बाबा!” वकील दचकला. “काय झालं?” “बाबांना बसवते. आत्ता.”

पण बाबा आधीच उठले होते. वर्तमानपत्र खुर्चीवर ठेवून ते धावपट्टीच्या कडेला येऊन उभे होते, हात मागे बांधून, मान किंचित तिरकी. असे ते कारखान्याच्या फाटकाशी उभे असायचे. गाडी थांबल्यावर त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं, पंजा बॉनेटवर ठेवला. “थरथरत नाही,” ते म्हणाले. मग तिच्याकडे पाहून, बऱ्याच दिवसांत न ऐकलेल्या सुरात, “सरक. मला बघू दे.” तिला वाटलं, शेजारी बसायचं म्हणतायत. ते ड्रायव्हरच्या दाराशी उभे होते. वकील तिला बाजूला घेऊन पुटपुटला, “अगं, काका किती वर्षांचे? आणि ऐकू—” “रस्ता बंद आहे,” ती म्हणाली, “आणि हिच्यात ऐकायचं तरी काय आहे?” वकिलानं विचार केला. मग स्वतः मागे बसला आणि पट्टा आवळून घेतला.

बाबांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, स्टिअरिंगवर हात ठेवले. डावा हात खाली गेला, गिअर शोधत घुटमळला, काही सापडलं नाही तेव्हा मांडीवर येऊन बसला. तिनं त्यांना दिसेल असं तोंड करून सांगितलं, “एकच पेडल पुरतं. दाबलं की जाते, सोडलं की थांबते.” “लिफ्ट आहे मग,” बाबा म्हणाले, आणि दाबलं. ते ओरडले. तिच्या आठवणीत बाबा कधी ओरडले नव्हते, रागावूनसुद्धा नाही, आणि आता तोंड उघडून, दात दिसत, ते लांबलचक ओरडत होते, “अरे! अरे! अरे!” आणि गाडी बाणासारखी सरळ, रेषेच्या केसभरही इकडे तिकडे नाही. ते ओरडणं किती मोठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागून वकीलही ओरडू लागला, मग तीही. तिघं माणसं पोटभर ओरडत त्या पट्टीवरून गेली. टोकाशी थांबल्यावर बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. चेहरा तुकतुकीत झाला होता. “काय ढकलते गं!” ते म्हणाले. “पाठीतून कळतंय मला. सगळं पाठीतून कळतंय.” आणि तिचं उत्तर बघण्याआधीच त्यांनी गाडी वळवली.

आणखी दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी वळणं घेऊन पाहिली, दोनदा करकचून थांबवून पाहिली, मग परत येऊन उतरले. दंतवैद्य धावत आला. “काका, खरं सांगा! आत्मा आहे का हिच्यात?” बाबांनी त्याचे ओठ नीट पाहिले. “जोर आहे,” ते म्हणाले, “वळणावर जड आहे. ब्रेक चांगला. हाताला काम नाही.” मग खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढून चष्मा पुसला आणि तिच्यापुढे हात केला. “आता तुझी दे.” “माझी?” “दोन्ही चालवल्याशिवाय कोणती बरी ते कसं सांगणार?” ती घुटमळली. लाल गाडी म्हणजे क्लच होता, वेळेवर बदलायचे गिअर होते, आणि ती वेळ कानांना कळते, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. “बाबा, काटा बघून—” असं ती म्हणू लागली. बाबांनी मान हलवली. “पाठीतून,” ते म्हणाले. आणि एकटेच बसले. शेजारचं दार तिनं उघडलं तर म्हणाले, “तू बाहेर थांब. वजन वाढतं.”

म्हणून ती बाहेर थांबली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःची गाडी बाहेरून ऐकली. इतकी वर्षं ती त्या सुराच्या पोटात बसलेली होती. तो असा जगात कसा दिसतो हे तिला माहीतच नव्हतं. सुरुवातीला एक खरखर झाली, गिअर नीट बसला नसावा, तिनं डोळे मिटून घेतले. मग तो निघाला. आधी जमिनीतून, तिच्या चपलांच्या तळव्यांतून. मग पोटरीतून वर. मग एकदम सगळीकडून, रुंद, तांबूस, उन्हासारखा, वर वर चढत, आणि आता तुटेल असं वाटेपर्यंत ताणला जाऊन अगदी नेमक्या जागी खाली उतरला आणि पुन्हा चढू लागला. दुसरा. तिसरा. “बरोबर बदलतायत,” दंतवैद्य श्वास रोखून म्हणाला. ज्या माणसाच्या हातून तो आवाज निघत होता त्याला तो ऐकू येत नव्हता, आणि इथं उभ्या असलेल्या तिघांच्या हाडांत तो भरत होता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. किती सुंदर होता तो. किती वाया घालवला होता तिनं तो, आत बसून, ओशाळून. लाल ठिपका टोकाशी पोचला, आवाज मिटला, भेगांतलं गवत हललं.

दंतवैद्य खाकरला. “मग बाईसाहेब? आज सांगणार होतात.” “नाही विकणार,” ती म्हणाली. दंतवैद्याचं तोंड उतरलं आणि त्याच वेळी खुललं. त्याला गाडी मिळाली नव्हती, पण त्याची बाजू जिंकली होती. “म्हणजे मिक्सर नको ना? मी म्हणतच होतो!” “तीही घेणार.” वकिलानं टाळी वाजवली. “अगं पण लावशील कुठं? तुमच्याकडे दोनच गाड्यांची जागा आहे.” तिनं क्षणभर विचार केला, नवरा आत्ता कुठल्यातरी परिषदेत खडू झटकत उभा असेल, बिचारा. “छत्री विकायची,” ती म्हणाली. “कोरडं मी नेऊन पोचवेन त्याला.” वकील आणि दंतवैद्य एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत सुटले.

तिकडे लाल ठिपका वळला होता. पुन्हा तो सूर दुरून सुरू झाला, या वेळी समोरून, अंगावर येणारा, आणि ती न हलता त्याच्या वाटेच्या कडेला उभी राहिली. यात खरखर नव्हती. एकेक गिअर तेलातून काढल्यासारखा येत होता. गाडी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा छातीचा पिंजरा वाजला, आणि मग उतरत, गुरगुरत, सायलेन्सरमधून फटफट दोनचार ठिणग्यांसारखे आवाज टाकत ती वळून त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. बाबांनी इंजिन बंद केलं नाही. काच खाली झाली. त्यांच्या कपाळावर घाम होता, हात स्टिअरिंगवर तसेच. ती दोन गाड्यांबद्दल विचारायला पुढे झाली, पण त्यांनीच आधी विचारलं, भलत्याच मोठ्या आवाजात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

“कशी वाजली?”

“चांगली,” असं ती म्हणाली असती तर ते हसले असते आणि विषय संपला असता. ती खिडकीपाशी उकिडवी बसली, तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल अशी, उजेड आपल्या ओठांवर पडतोय ना ते पाहून घेतलं.

“पहिल्या गिअरपासून सांग,” बाबा म्हणाले.

तिनं श्वास घेतला आणि सांगायला सुरुवात केली.